मनाच्या आजारात जीवनसत्त्वांची तपासणी: कधी करावी, कोणती करावी आणि पुढे काय

बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की बाबा पुढे झुकायचे आणि पटकन नळ धरायचे. चालताना एका पायातली चप्पल निसटून मागे राहायची, ते त्यांना चार पावलं गेल्यावर कळायचं. हे सगळं आम्ही घरात रोज पाहत होतो. पण त्यांची चिडचिड, संशय, रात्र रात्र जागणं याच्याशी त्याचा काही संबंध असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. निवृत्तीनंतरचं नैराश्य म्हणून आठ महिने औषध चालू होतं. झोप थोडी सुधारली, पण ‘माझे कागद कुणीतरी हलवतं’ हे काही थांबेना. शेवटी एका डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क (थरथरणारा धातूचा चिमटा) वाजवून त्यांच्या घोट्याच्या हाडावर टेकवला आणि म्हणाले, “काका, थरथर थांबली की सांगा.” बाबा म्हणाले, “सुरूच कुठे झाली?”

रक्तात बी१२ निघालं ९६ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे फारच कमी. इंजेक्शनं सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांत संशय विरला. तळव्यांचा बधिरपणा मात्र अजून आहे, कारण मज्जातंतूंसाठी उशीर झाला होता. हे आठ महिने आणखी कुणाचे वाया जाऊ नयेत म्हणून हा लेख लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. मात्र बाबांच्या आजारपणात आणि त्यानंतर या विषयाचं बरंच वाचलं, बरंच विचारलं. त्यातलं पक्कं तेवढंच इथे देते.

आधी हे नातं नेमकं काय आहे ते समजून घ्या

काही जीवनसत्त्वांची कमतरता स्वतःच मनाचा आजार घडवते, याबद्दल वाद नाही. पेलाग्रा हा आहारातल्या कमतरतेचा आजार त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या मनोरुग्णालयांत भ्रम, गोंधळ आणि स्मृतिनाशाचे असे हजारो रुग्ण होते, ज्यांचा खरा आजार आहारातला होता. तेव्हा तो संसर्गजन्य मानला जाई. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून त्याचा पाठपुरावा केला. १९१५ मध्ये त्यांनी मिसिसिपीतल्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना मुख्यतः मक्याचा निकृष्ट आहार दिला आणि अकरापैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेयेम यांना त्यावरचं द्रव्य सापडलं: नायसिन, म्हणजे बी३. बी१ आणि बी१२ यांचंही असंच. त्यांची कमतरता थेट मेंदूवर घाव घालते.

‘ड’ जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. नैराश्य असलेल्यांच्या रक्तात ते अनेकदा कमी सापडतं. पण नैराश्यात माणूस घराबाहेर पडत नाही, उन्हात जात नाही, धड जेवत नाही. मग आधी काय झालं? ५० वर्षांवरच्या १८,३५३ लोकांना सुमारे पाच वर्षं रोज २,००० आययू (‘ड’ मोजण्याचं एकक) ‘ड’ किंवा तशीच दिसणारी रिकामी गोळी देऊन पाहिलं. २०२० मध्ये निकाल आला: ‘ड’ घेतल्यानं नैराश्य टळलं नाही. याचा अर्थ ‘ड’ निरुपयोगी आहे असा नाही. हाडांना आणि स्नायूंना ते लागतंच, आणि खरी कमतरता असेल तर अंगदुखी, थकवा येतो, जो मन आणखी खचवतो. पण ‘ड’ची गोळी घेतली की उदासी जाईल, या आशेवर उपचार लांबवू नयेत.

म्हणजे प्रत्येक जीवनसत्त्वाचं मनाशी नातं वेगळं. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

पायरी १: थांबायचं नाही अशी लक्षणं ओळखा

जीव देण्याचे विचार, कुणी नसताना बोलण्याचे आवाज ऐकू येणं, माणूस चार दिवस जेवलेला-झोपलेला नसणं, यांपैकी काहीही असेल तर जीवनसत्त्वांचा रिपोर्ट येईपर्यंत वाट पाहू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा तातडीचा विभाग गाठा. रक्त तिथेही घेता येतं.

दुसरी तातडी कमी लोकांना माहीत असते. दीर्घकाळ दारू पिणारी व्यक्ती, गरोदरपणात सतत उलट्या होणारी बाई, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेला किंवा आठवडेच्या आठवडे पोटात काही न टिकलेला रुग्ण अचानक गोंधळून बोलू लागला, त्याला दोन-दोन दिसू लागलं, बुबुळं नीट फिरेनात किंवा चालताना पाय फाकवून तोल जाऊ लागला, तर तो वेर्निकेचा आजार असू शकतो. थायमिनच्या, म्हणजे बी१च्या अभावानं होणारा. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये त्याचं वर्णन केलं. शरीरातला थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो, म्हणून हे इतकं झपाट्यानं होतं. गोंधळ, डोळे आणि चाल ही तिन्ही लक्षणं एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात, एखादंच दिसलं तरी शंका घ्यायची. इथे रक्ततपासणीची वाट न बघता शिरेतून थायमिन देतात, आणि तेही ग्लुकोजच्या बाटलीआधी किंवा तिच्याबरोबर, कारण एकटं ग्लुकोज उरलंसुरलं थायमिन वापरून टाकू शकतं. रुग्णाला नेताना ‘बऱ्याच दिवसांपासून उलट्या आहेत’ किंवा ‘रोज दारू पितात’ हे न लाजता पहिल्या वाक्यात सांगा. उशीर झाला तर नवीन आठवणी साठवण्याची क्षमता कायमची जाऊ शकते.

पायरी २: एक कागद घ्या आणि लिहून काढा

डॉक्टरांसमोर बसलं की निम्मं विसरायला होतं. बाबांच्या बाबतीत उत्तर रक्तात सापडण्याआधी त्यांच्या गोळ्यांच्या डब्यात होतं: दहा वर्षं मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि सहा वर्षं आम्लपित्ताची गोळी. दोन्हींनी बी१२चं शोषण घटतं. आम्ही दोन्ही गोळ्या डॉक्टरांना सांगितल्याच नव्हत्या, कारण आमच्या मते त्यांचा मनाशी काय संबंध!

कागदावर सर्वांत वर औषधं लिहा, बंद केलेलीही. क्षयावरचं आयसोनियाझिड बी६ कमी करतं आणि त्यातून कधी पेलाग्राही होतो. फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट यांसारखी फिट्सची औषधं फोलेट, म्हणजे बी९, घटवतात, आणि व्हॅल्प्रोएट तर मूड स्थिर ठेवण्यासाठीही देतात. संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट फोलेटच्याच कामात आड येतं. भूल देताना किंवा नशेसाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस, शरीरातलं बी१२ निकामी करतो. ज्याचा साठा आधीच तळाला गेला आहे, त्याची प्रकृती या गॅसनंतर काही आठवड्यांत ढासळू शकते. तरुण मुलगा किंवा मुलगी अचानक अडखळत चालू लागली आणि विचित्र बोलू लागली, तर हा प्रश्न प्रेमानं पण स्पष्ट विचारा.

मग आहार. बी१२ नैसर्गिकरीत्या फक्त प्राणिज पदार्थांत असतं: मांस, मासे, अंडी, दूध. पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांना ते बाहेरून घ्यावंच लागतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे आहार बदलून तीन-चार वर्षं झाल्यावर त्रास सुरू होतो आणि तोवर कारण विस्मरणात गेलेलं असतं. पोटाच्या किंवा आतड्याच्या शस्त्रक्रिया, जुने जुलाब, दारू, घरात कुणाला थायरॉइड, पांढरे डाग किंवा पर्निशस अॅनिमिया (जठराच्या दोषामुळे बी१२ न शोषलं गेल्यानं होणारा रक्तक्षय) असणं, हेही लिहा.

शेवटी शरीराच्या खुणा. जीभ लाल आणि गुळगुळीत होणं, तोंड येणं, पायाला मुंग्या, अंधारात किंवा डोळे मिटल्यावर तोल जाणं, शर्टाची बटणं लावायला वेळ लागणं. मन कधीपासून बदललं आणि या खुणा कधीपासून आहेत, या दोन तारखा शेजारी शेजारी मांडा.

पायरी ३: गोळी तोंडात टाकण्याआधी रक्त द्या

या संपूर्ण लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू दे. थकवा आला, उदास वाटलं, की आपण मल्टिव्हिटॅमिन सुरू करतो आणि महिन्याभरानं तपासणी करतो. तोवर रक्तातला आकडा वर आलेला असतो आणि मज्जातंतूंची कमतरता त्याआड लपते. मग पुढची दोन वर्षं कुणीही त्या दिशेनं बघत नाही.

मनाची तक्रार नवीन असेल, उपचारांना दाद देत नसेल, साठीनंतर पहिल्यांदाच उद्भवली असेल किंवा वरच्या कागदावर काही ठळक सापडलं असेल, तर डॉक्टरांशी या तपासण्यांबद्दल बोला: पूर्ण रक्तगणना, बी१२, फोलेट, टीएसएच (थायरॉइडसाठी), फेरिटिन (लोहाच्या साठ्यासाठी), रक्तातली साखर, किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या, कॅल्शियम. थायरॉइड आणि लोह जीवनसत्त्वं नाहीत, पण त्यांच्या बिघाडाची लक्षणं नैराश्याशी इतकी जुळतात की ते वगळून फक्त जीवनसत्त्वं तपासणं म्हणजे अर्धवट काम. ‘ड’ प्रत्येकानं तपासावं असं नाही. हाडं दुखणं, उन्हाशी संबंधच नसणं, फिट्सची औषधं अशी कारणं असली तर तपासा. बी१, बी३, बी६ यांच्या तपासण्या सरसकट करू नयेत.

रक्त देताना दोन गोष्टी सांभाळा. केस-नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिनची मात्रा मोठी असते आणि ती थायरॉइड, बी१२, ‘ड’ यांच्या काही यंत्रांना चकवते. आकडा खोटा वर किंवा खोटा खाली येतो. डॉक्टरांना विचारून किमान दोन दिवस आधी त्या थांबवा. दुसरं, होमोसिस्टीन (बी१२ किंवा फोलेट कमी पडलं की रक्तात वाढणारं द्रव्य) सांगितलं असेल तर उपाशीपोटी द्या आणि नमुना लगेच थंड ठेवतात का ते विचारा. नळी खोलीच्या तापमानात पडून राहिली की रक्तपेशींतून होमोसिस्टीन झिरपतं आणि आकडा फुगतो.

पायरी ४: रिपोर्ट वाचताना

आधी एकक बघा. बी१२ काही ठिकाणी पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात, काही ठिकाणी पिकोमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्याला १.३५५ ने भागलं की दुसरं मिळतं. ‘ड’चे २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे ५० नॅनोमोल प्रति लिटर.

बी१२ साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० हा अंधुक पट्टा, आणि सगळ्यात जास्त माणसं निसटतात ती याच पट्ट्यात, कारण रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलेलं असतं. इथे मिथाइलमॅलोनिक अॅसिड किंवा होमोसिस्टीन मागवावं. पेशींना बी१२ पुरत नसेल तर दोन्ही वाढतात. होमोसिस्टीन फोलेट आणि बी६च्या कमतरतेतही वाढतं, आणि किडनी कमजोर असेल तर दोन्ही वाढतात, म्हणून किडनीचा आकडा शेजारी असू द्या. उलट बाजूही आहे: गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर बी१२चा आकडा कमतरता नसताना कमी दिसू शकतो, तर लिव्हरच्या आजारात तो फसवा वर दिसतो.

‘हिमोग्लोबिन चांगलं आहे, म्हणजे बी१२चा प्रश्न नाही,’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे आग्रह धरा. १९८८ मध्ये जॉन लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी बी१२ कमतरतेमुळे मज्जासंस्थेची किंवा मनाची लक्षणं असलेले १४१ रुग्ण तपासले. त्यातल्या ४० जणांत, म्हणजे २८ टक्क्यांत, रक्तक्षयही नव्हता आणि लाल पेशीही मोठ्या झालेल्या नव्हत्या. शिवाय लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, बी१२ कमी असेल तर मोठ्या. दोन्ही कमी असतील तर पेशींच्या आकाराची सरासरी छान मधोमध येते आणि रिपोर्ट निर्दोष दिसतो.

साधं फोलेट गेल्या काही दिवसांतलं खाणं दाखवतं. दोन दिवस जेवण गेलं नसेल तर ते घसरतं. एवढ्यावरून घाबरू नका.

पायरी ५: भरून काढणं

बी१२ आणि फोलेट दोन्ही कमी असतील तर बी१२ आधी. फोलिक अॅसिडची (गोळीतल्या फोलेटची) मोठी मात्रा रक्तक्षय सुधारते, चेहऱ्यावर रंग येतो, सगळे खूश होतात, आणि मज्जातंतूंची झीज आत चालूच राहते.

मुंग्या, तोल, भ्रम, विसरणं अशी लक्षणं असतील तर डॉक्टर बी१२ इंजेक्शननंच सुरू करतात, आधी जवळजवळच्या अंतरानं आणि मग अंतर वाढवत. लक्षणं सौम्य असतील तर रोज १,००० मायक्रोग्रॅमची गोळीही चालते. रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅम असताना एवढी मोठी मात्रा का? कारण जठरातला जो घटक बी१२ला आतड्यात शोषून घ्यायला मदत करतो, तो नसतानाही सुमारे एक टक्का तसाच आत झिरपतो. हजाराचा एक टक्का म्हणजे दहा, गरजेच्या चौपट. फार मोठ्या रक्तक्षयात उपचाराच्या सुरुवातीला पोटॅशियम घसरू शकतं, ते डॉक्टर पाहतात.

‘ड’बद्दल एक कळकळीची सूचना. आठवड्यातून एकदा घ्यायची मोठी मात्रा रोज घेतली गेल्याची चूक सर्रास होते. रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मग बद्धकोष्ठ, तहान, सुस्ती, गोंधळ, उदासी येते. म्हणजे जे घालवायला गोळी घेतली, तेच वाढतं. मूड स्थिर ठेवणारं लिथियम घेणाऱ्यांत कॅल्शियम तसंही वाढलेलं असू शकतं, त्यांनी आधी ते मोजून घ्यावं. पाकिटावर ‘आठवड्यातून एकदा’ असं जाड पेनानं लिहा आणि वार ठरवा.

बी६ निरुपद्रवी समजून खाल्लं जातं. तसं नाही. मोठी मात्रा महिनोन् महिने घेतली तर हातापायांच्या संवेदना जातात. अमेरिकेत प्रौढांसाठी वरची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम आहे, तर युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली. नसांच्या गोळीत आणि मल्टिव्हिटॅमिनमध्ये मिळून ते किती होतं, याची बेरीज करा.

पायरी ६: मनाच्या औषधांशी गाठ घाला, फारकत नको

रिपोर्टमध्ये कमतरता निघाली की घरात पहिलं वाक्य उमटतं, ‘बघ, मनाचं काही नव्हतंच. बंद कर त्या गोळ्या.’ आमच्याकडेही उमटलं होतं. असं करू नका. कमतरता आणि नैराश्य दोन्ही खरे असू शकतात, आणि औषध अचानक तोडल्यानं चक्कर, अस्वस्थता, आजार उलटणं असे त्रास होतात. बाबांचं औषध मानसोपचारतज्ज्ञांनीच नंतर चार महिन्यांत पायरीपायरीनं उतरवलं.

मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्येक जीवनसत्त्व सांगा. फोलिक अॅसिडच निरुपद्रवी असेल असं वाटतं ना? बायपोलर आजारातल्या नैराश्यावर लॅमोट्रिजिन देऊन केलेल्या एका चाचणीत, ज्यांना सोबत फोलिक अॅसिड दिलं, त्यांच्यात लॅमोट्रिजिनचा फायदा दिसेनासा झाला. दुसरीकडे, साध्या औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात १५ मिलिग्रॅम एल-मिथाइलफोलेट (फोलेटचाच एक प्रकार) जोडीला दिल्यानं एका लहान चाचणीत फायदा दिसला, ७.५ मिलिग्रॅमनं नाही. औषध एकाच कुळातलं, परिणाम दोन टोकांचे. म्हणून हा निर्णय दुकानाच्या फडताळापाशी घेऊ नये.

आणि मोठमोठ्या मात्रांचं वचन देणाऱ्यांपासून जपा. १९५०च्या दशकात कॅनडात एब्रम हॉफर आणि हम्फ्री ऑस्मंड यांनी स्किझोफ्रेनियावर नायसिनच्या प्रचंड मात्रा वापरल्या. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या नोबेलविजेत्यानं त्या विचाराला नाव आणि बळ दिलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्ये सगळा पुरावा तपासून तो अमान्य केला. पेलाग्रात नायसिन जादू करतं कारण तिथे नायसिन नसतं. ते पुरेसं असलेल्या मेंदूत आणखी ओतून तेच घडत नाही.

पायरी ७: पुन्हा कधी तपासायचं

बी१२ची इंजेक्शनं चालू असताना रक्तातला आकडा उंचच येतो, त्यावर पैसे घालू नका. हिमोग्लोबिन कमी होतं तर ते साधारण आठ आठवड्यांत जागेवर येतं. मन काही आठवड्यांत हलकं होऊ लागतं, मज्जातंतूंना सहा महिने ते वर्ष लागतं. आकड्याऐवजी रोजचं वागणं टिपा: किती तास झोप, बटणं लावायला किती वेळ, संशयाचं वाक्य आठवड्यात किती वेळा. ‘ड’ तीन महिन्यांनी एकदा.

कारण मिटणारं असेल, म्हणजे आहार किंवा एखादं औषध, तर उपचारही कधीतरी कमी होतो. जठर किंवा आतडंच शोषत नसेल तर बी१२ जन्मभर लागतं, आणि बरं वाटतंय म्हणून थांबवलं तर साठा संपेपर्यंत, म्हणजे कधी कधी वर्ष-दोन वर्षं, काहीच जाणवत नाही. आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे: बाबांच्या इंजेक्शनच्या तारखा, शेजारी आईची सही. मागच्या वेळी तारीख पाच दिवसांनी पुढे गेली, तेव्हा आठवण बाबांनीच करून दिली.